शारीरिक निष्क्रियता
आरोग्य राखण्यास पुरेल इतकी हालचाल न होण्याची स्थिती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची किमान १५० किंवा जोरकस श्रमाची ७५ मिनिटे धरली आहेत. याहून कमी ती निष्क्रियता. बैठेपणा निराळा मोजतात. सकाळी मेहरूण तलावाकाठी भरभर चालून दिवसभर गल्ल्यावर बसणारा जळगावचा व्यापारी निष्क्रिय नव्हे, पण बैठा खरा.

निष्क्रियतेने रोग होतात या विचाराचे मूळ वादग्रस्त आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या (लघवीच्या विकारांचा एक गट) कारणांत ‘आस्यासुख’, म्हणजे बसून राहण्याचे सुख, येते. तिचे प्रतिसंस्करण, म्हणजे जुन्या ग्रंथाची सुधारून केलेली मांडणी, बहुधा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले. सुश्रुतसंहिता निर्धन प्रमेहीला अनवाणी, छत्रीविना शंभर योजने चालायला किंवा विहीर खणायला सांगते. मात्र प्रमेह म्हणजे सर्वस्वी आजचा मधुमेह नव्हे. मोजमापावर आधारलेला आरंभ ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरेमी मॉरिस यांच्या १९५३ च्या अभ्यासापासून मानणे अधिक सयुक्तिक. लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा चालकांना हृदयविकार अधिक आढळला. चालक नोकरीला लागतानाच स्थूल असत, हा आक्षेप पुढे मॉरिस यांनीच तपासलेल्या, कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या मापांवरून बळावला. तरी नंतरच्या अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला दुजोराच दिला. एसटीच्या एकमजली गाडीला हे गणित जसेच्या तसे लावता येणार नाही.

स्नायू राबले नाहीत की रक्तातील साखर कमी ओढतात व इन्सुलिनला दाद देईनासे होतात. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले असता त्यांची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता चौथाईहून अधिक घटली. निष्क्रियतेने मधुमेह (प्रकार २), हृदयविकार, पक्षाघात, मोठ्या आतड्याचा व स्तनाचा कर्करोग यांचा धोका वाढतो.

खान्देशात शेतीकामामुळे हा प्रश्न शहरी समजला जातो. हे अर्धेच खरे. रावेर-यावलच्या केळीबागांत पूर्वी फावडे घेऊन दारे धरावी लागत, म्हणजे पाटाचे पाणी वाफ्यांत वळवावे लागे. ठिबक आल्यावर कॉक फिरवला की पाणी सुरू, आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. निंदणी, कापूसवेचणी मात्र मजुरांच्या, विशेषतः बायांच्या, अंगावरच आहे. नंदुरबारच्या डोंगराळ अक्कलकुवा-धडगावकडील पायपीट सोयींच्या अभावातून येते. तिला आरोग्याची सवय म्हणून गौरवणे बरे नव्हे. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा दुपारी घरात थांबणे हा उष्माघातावरील उपाय असून, चालणे पहाटे किंवा दिवेलागणीनंतर करावे.