चर्चमधली एक, बाहेरच्या दुसऱ्या: वसाहतकाळातल्या लागोसची लग्ने

ब्रिटिशांनी १८६१ मध्ये लागोस, म्हणजे आजच्या नायजेरियातले बंदर, ताब्यात घेतले, तेव्हा तिथे ‘सारो’ मंडळींचे बस्तान बसू लागले होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून सिएरा लिओनमध्ये उतरवलेली, याच भागातल्या योरुबा समाजाची माणसे आणि त्यांची मुले, मिशनच्या शाळांत शिकून माघारी आलेली. व्यापार, वकिली, चर्च, सरकारी कचेऱ्या अशा सगळीकडे यांचा वावर. लग्नही अर्थातच साहेबी थाटाचे.

या थाटात प्रेमाचा वाटा किती? सारा फोर्ब्स बोनेटाचे उदाहरण पाहावे. योरुबांच्या एग्बादो शाखेतली ही अनाथ मुलगी राणी व्हिक्टोरियाच्या छत्राखाली वाढली. लागोसचा श्रीमंत सारो व्यापारी जेम्स डेव्हिस याने मागणी घातली, तेव्हा तिने साफ नकार दिला. पैशासाठी मनःशांतीचा सौदा करू का, असे तिने पत्रात विचारले होते. अखेर तिला होकार द्यावाच लागला. ऑगस्ट १८६२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रायटनला लग्न लागले, बघ्यांची ही गर्दी! पुढे दोघे लागोसला राहायला गेले.

योरुबा रीतीत लग्न दोन घराण्यांत ठरे. मध्यस्थ असे, वरपक्षाकडून ‘इदाना’ म्हणजे वधूमूल्य जाई, आणि ऐपतदार पुरुषाला अनेक बायका असत. बायकोला मात्र स्वतःचा व्यापार आणि स्वतःची कमाई होती. नवऱ्याच्या मालमत्तेत तिला वाटा नसे, तो मुलांचा आणि भावकीचा.

१८८४ च्या विवाह कायद्याने हे चित्र उलटे केले. या कायद्याखाली लग्न केलेल्याला एकच बायको ठेवता येई, आणि वारसा इंग्रजी कायद्याने बायको-मुलांकडे जाई. १८९८ च्या कोल खटल्यात मृताच्या भावाने रूढीच्या आधारे वारसा मागितला. लग्न ख्रिस्ती पद्धतीचे होते, म्हणून कोर्टाने तो फेटाळला. सुशिक्षित मुलींना हे लग्न हवेसे वाटे ते काही उगाच नव्हे. पण सभ्य घरच्या बाईने बाजारात बसायचे नाही, हेही त्यासोबतच आले. हातचा पैसा गेला, भरवसा उरला तो नवऱ्यावर.

आणि नवरे? चर्चमध्ये एक लग्न लावून अनेकांनी बाहेर दुसरे घर थाटले. त्या घरची मुलेही त्यांचीच, पण वारसा सांगताना अडत. बहुपत्नीत्वावरून चर्चमध्येही वाद पेटला. १८९१ मध्ये फुटून निघालेल्या युनायटेड नेटिव्ह आफ्रिकन चर्चने सामान्य सभासदांना एकाहून अधिक बायका चालतील असे ठरवले.