गावचं तळं पाणथळ म्हणून अधिसूचित करायचंय? अर्जाआधी एवढं बघा

‘पाणथळ जाहीर झाली की मासेमारी बंद, गुरं बंद’ अशी धास्ती ग्रामसभेत हमखास निघते. केंद्राच्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ मध्ये अशी सरसकट बंदी नाही. मनाई आहे ती अतिक्रमणाला, नव्या उद्योगांना, कचरा नि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला, शिकारीला. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकामही चालत नाही; होड्यांचा धक्का तेवढा चालतो. गोव्यात कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. तरी त्याच्या पाण्यावर खालच्या अंगाला भात पिकतो.

जागा बसते का, हा खरा कळीचा प्रश्न. नदीचं पात्र, भातखाचरं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतच येत नाहीत. वनक्षेत्र, अभयारण्य आणि सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) यांतल्या जागांना हे नियम लागत नाहीत, त्यांचे त्यांचे कायदे आहेत. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव सिंचनासाठी बांधलेले, त्यामुळे कितीही पक्षी उतरत असले तरी तिथे हा मुद्दा आडवा येतो. म्हणून सुरुवात तलाठ्याकडून करा आणि सातबाऱ्यावर जागेची नोंद काय आहे ते पाहा.

नागरिकाने भरायचा छापील नमुना नियमांत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडून राज्य पाणथळ प्राधिकरणाला निवेदन द्यायचं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. सोबत सातबारा, गाव नकाशा, पावसाळ्यातले आणि उन्हाळ्यातले फोटो असले की काम सोपं होतं.

पुढे शासन त्या जागेचा ‘संक्षिप्त दस्तऐवज’ तयार करतं. त्यात हद्दीचा डिजिटल नकाशा, प्रभावक्षेत्र (जिथल्या घडामोडींचा पाणथळीवर परिणाम होतो तो भाग), परिसंस्थेचं वर्णन, आधीपासूनचे हक्क, आणि कुठल्या कामांना परवानगी नि कुठल्यांवर नियंत्रण याच्या याद्या असतात. हक्कांचा रकाना गावाने स्वतः लिहून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. कार्यालयात बसून लिहिणाऱ्याला शिंगाडा कोण लावतं, पाणी ओसरल्यावर गाळपेऱ्यात कोण पेरतं, गुरं कुठल्या बाजूने उतरतात हे कुठून कळणार? विदर्भात निस्तार पत्रकाचा, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांच्या नोंदीचा उतारा जोडा. मच्छीमार सहकारी संस्था असेल तर तिच्या ठेक्याची प्रतही.

मसुदा अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांना ६० दिवस मिळतात. अंतिम अधिसूचना प्राधिकरणाच्या शिफारशीपासून २४० दिवसांच्या आत निघावी, असा नियम आहे. मसुद्यातला नकाशा गट नंबरांशी ताडून बघा. शिंगाडा किंवा चराई परवानगीच्या यादीतून गळली असेल तर मुदतीतच लेखी हरकत द्या आणि शिक्क्याची पोच घ्या.