शेवटच्या नगाचा हिशोब: सूक्ष्म अर्थशास्त्राची पार्श्वभूमी

पाण्यावाचून जगता येत नाही, हिऱ्यावाचून खुशाल जगता येतं. तरी पाणी स्वस्त आणि हिरा महाग का? अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये या विसंगतीवर बोट ठेवलं, पण किंमत समजून घ्यायला तो वळला उत्पादनखर्चाकडे. पुढे १८१७ मध्ये इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने श्रमाला केंद्रस्थानी आणलं. ग्राहकाची आवडनिवड या मांडणीत जवळपास नव्हतीच.

कोडं सुटलं ते प्रश्न बदलल्यावर. एकूण पाणी किती मोलाचं, हे बाजारात कुणीच ठरवत नसतं. ठरवायचं असतं ते आणखी एक पेला घ्यावा का, एवढंच. पहिला पेला जीव वाचवतो, दहावा फारतर झाडाला घातला जातो. पाणी मुबलक असलं की किंमत त्या दहाव्या पेल्याच्या उपयोगावर ठरते. हिरे मोजकेच, म्हणून तिथे शेवटचा नगही मौल्यवान.

हा सीमान्त उपयोगितेचा, म्हणजे शेवटच्या नगातून मिळणाऱ्या उपयोगाचा, विचार प्रशियातल्या हेर्मान गोसेन या निवृत्त सरकारी नोकराने १८५४ मध्येच पुस्तकरूपाने मांडला होता. खर्च केलेल्या शेवटच्या पैशातून प्रत्येक वस्तूत सारखंच समाधान मिळेल अशी वाटणी माणसाने करावी, हा आजच्या पाठ्यपुस्तकातला नियम त्याचाच. पुस्तक खपलं नाही. १८५८ मध्ये त्याने उरलेल्या प्रती परत घेतल्या आणि त्याच वर्षी तो वारला. हे वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते. पुढे जेव्हन्स आणि मेंगर या अर्थशास्त्रज्ञांनी १८७१ मध्ये, तर वालरास या तिसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १८७४ पासून हाच विचार स्वतंत्रपणे मांडला. गोसेनचं पुस्तक हाती आल्यावर जेव्हन्सने १८७९ च्या आवृत्तीत त्याला मोकळेपणाने श्रेय दिलं.

उत्पादकाच्या बाजूचा हिशोब त्याहीआधीचा. फ्रेंच गणिती कुर्नो याने १८३८ मध्ये खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचे दोन मालक कल्पिले. दुसरा किती पाणी विकणार हे धरून प्रत्येक जण आपलं प्रमाण ठरवतो. निष्पन्न होणारी किंमत मक्तेदाराच्या किमतीपेक्षा कमी, पण खुल्या स्पर्धेतल्या किमतीपेक्षा जास्त. मोजक्या कंपन्यांच्या बाजाराचं विश्लेषण आजही इथूनच सुरू होतं.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये दोन्ही बाजू एकत्र आणल्या. कागद कात्रीचं वरचं पातं कापतं की खालचं, असं विचारण्यात अर्थ नाही, तसंच मागणी आणि पुरवठ्याचं, हे त्याचं म्हणणं. मागणीची लवचीकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, ही संकल्पनाही त्यानेच रुळवली.

एक प्रश्न मात्र राहिला होता: बाजार इतका कार्यक्षम, तर कंपन्या असतातच कशाला? अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसने १९३७ मध्ये उत्तर दिलं. योग्य भाव शोधणं, घासाघीस, करार या सगळ्याला खर्च येतो. आणखी एक व्यवहार कंपनीच्या आत करणं बाहेरून करून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, तोवर कंपनी वाढत जाते.