वेबसाईटचं कार्ड वेगळं, व्हॉट्सॲपचा बॅनर वेगळा: काम देण्याआधी एकदा वाचा

होमस्टे असो, स्कूबा असो, आंबेवाले असोत नाहीतर खानावळ, साईटचं काम सुरू झालं की एक मेसेज हमखास येतो, "आमचो बॅनर तयार आसा, तोच कार्डात टाका." आम्ही नको म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे उगाच काम वाढवतायत. तसं नाहीये, म्हणून सगळं नीट लिहून देतोय.

कार्ड म्हणजे साईट उघडल्यावर दिसणारे ते चौकोन, वर फोटो, खाली नाव, एक-दोन ओळी आणि रेट. एका कार्डात एकच गोष्ट, म्हणजे एक खोली, एक बोट ट्रिप किंवा आंब्याची एक पेटी. ही कल्पना आमच्या डोक्यातली नाही आणि कालपरवाचीही नाही. ॲपलने 1987 साली हायपरकार्ड नावाचं सॉफ्टवेअर काढलं, त्यात कार्डांचा गठ्ठाच असायचा, एकावेळी एक कार्ड समोर आणि बटण दाबलं की दुसरं. पुढे 2014 मध्ये गूगलने मटेरियल डिझाईन, म्हणजे ॲप आणि साईट कशा दिसाव्यात याची नियमावली, आणली आणि कार्डाची कड, सावली, उंची हे सगळं नियमात बसवलं. ती सावली शोभेला नसते बरं का. हातातलं व्हिजिटिंग कार्ड कसं उचलता येतं, उलटून मागे बघता येतं, तीच सवय स्क्रीनवर वापरलेली असते. सावली दिसली की बोट तिथे जातं, दाबलं की आतलं पान उघडतं. म्हणूनच जे दाबून काही उघडत नाही त्याला आम्ही कार्डासारखं दिसू देत नाही, "चेक-इन दुपारी 12 नंतर" ही सूचना साध्या मजकुरातच राहते.

आता बॅनर. समजा तारकर्लीतल्या एका खोलीचा बॅनर आहे, उभा, वर पिवळ्या अक्षरात नाव, मध्ये खोलीचा फोटो, बाजूला समुद्र, सुरमईची थाळी आणि झोपाळा, खाली रेट, दोन मोबाईल नंबर आणि "घरगुती जेवणाची उत्तम सोय". व्हॉट्सॲप स्टेटसला हा झकास दिसतो, त्याबद्दल वाद नाही. पण कार्डातली फोटोची चौकट आडवी असते, आम्ही बहुतेक 4:3 (रुंदी 4, उंची 3) ठेवतो. 3:4 चा उभा फोटो रुंदीला धरून त्या चौकटीत बसवला की 44 टक्के भाग वरखाली कापला जातो, म्हणजे वरचं नाव गेलं आणि खालचे रेट-नंबर पण गेले. बरं, न कापता अख्खा दाखवला तरी 1080 पिक्सेल रुंदीचा बॅनर फोनवर साधारण 360 च्या रुंदीत येतो, तिप्पट लहान, मग 30 ची अक्षरं 10 ची होतात आणि एका ओळीत दोन कार्डं असतील तर विचारूच नका. पुण्या-मुंबईहून गाडीत बसून खोली शोधणारा माणूस ते झूम करून वाचत बसत नाही, तो पुढचं कार्ड बघतो.

आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढेच. बॅनरवरचा मजकूर म्हणजे चित्र. रेट बदलला की अख्खा बॅनर नवीन, तुम्ही ज्याच्याकडून करून घेतला त्याला शोधा, तो फाईल देणार, आम्ही परत कापून बसवणार. आंबेवाल्यांचा तर सीझनमध्ये मार्चचा दर मे महिन्यात राहतच नाही. तेच रेट अक्षरात टाईप केलेले असतील तर तुम्ही स्वतः फोनवरून बदलू शकता, आम्ही प्रत्येक साईटला ती सोय देतोच, वेगळे पैसे नाहीत. शिवाय टाईप केलेला मजकूर गूगलला नीट कळतो, दृष्टिहीन माणसाचा फोन तो वाचून दाखवू शकतो आणि इंग्लिश-हिंदीत भाषांतर पण होतं.

दुसरी मागणी असते बटणांची. कॉल, व्हॉट्सॲप, मॅप, बुकिंग, सगळं एकाच कार्डावर पाहिजे. अख्खं कार्ड दाबल्यावर एक पान उघडणार आणि त्याच्याच पोटात चार बटणं, मग कॉल करायला जावं तर मॅप उघडतो. वेबपेजच्या कोडमध्येही लिंकच्या आत लिंक चालत नाही. गूगलच्याच नियमात बोटासाठी जागा किमान 48 युनिट, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर सांगितलीय, तशी चार बटणं शेजारी शेजारी ठेवली तर कार्डात दुसरं काही मावणार नाही. आम्ही कार्ड दाबलं की आतलं पान उघडतो आणि चारही बटणं तिथे मोठी देतो.

खानावळवाल्यांना मात्र आम्ही स्वतःहूनच सांगतो, मेनूला कार्डं नकोत. बांगडा थाळी केवढ्याला, पापलेट केवढ्याला, सोलकढी वेगळी की थाळीतच, हे गिऱ्हाईक वरून खाली झरझर वाचत जातं, त्याला साधी यादीच बरी. कार्डं केली तर पैसे आम्हाला जास्त मिळतील, पण स्क्रोल करून करून तुमचं गिऱ्हाईक कंटाळेल.

तर आम्हाला काय पाठवायचं? प्रत्येक खोलीचा किंवा ट्रिपचा एक फोटो, फोन आडवा धरून काढलेला, वर काही न लिहिलेला. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर क्वालिटी उतरते. नाव, दोन ओळी आणि रेट वेगळ्या मेसेजमध्ये टाईप करून, आणि सगळ्या खोल्यांची माहिती सारखीच द्या, एकीला रेट आणि दुसरीला "फोन करा" असं नको, लोक रेटवाल्याच कार्डावर जातात. फोटो काढायला जमत नसेल तर मालवण, देवबाग, तारकर्लीपर्यंत आमचा माणूस येतो, सकाळच्या उन्हात काम उरकतो, त्याचा खर्च आधीच सांगू. बॅनर फेकू नका, तो स्टेटसला वापरा आणि त्याच्या खाली साईटची लिंक टाका. पावसाळ्यात बोटी आणि स्कूबा बंद असतात तेव्हा आमच्याकडेही गर्दी कमी असते, दिवाळीच्या आधी साईट हवी असेल तर तेव्हाच फोटो आणि रेट घेऊन ऑफिसला या.