फूल, दोन पाने आणि भाटकाराची जमीन : गोव्याच्या जनमत कौलाची पार्श्वभूमी

१६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. चौतीस हजारांचा फरक. पुढे अडीच महिन्यांच्या आत, मार्चअखेरीस, तिथेच विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणासाठी जिवाचे रान करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच (मगो) लोकांनी पुन्हा सत्तेवर बसवले. एप्रिलमध्ये दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. दरवर्षी १६ जानेवारीला, अस्मिताय दिसाला, कौलाच्या आठवणी निघतात. त्या मार्चबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. जानेवारीत काय घडले याचा उलगडा मला तरी मार्चच्या निकालातूनच होतो.

त्यासाठी आधी जमिनीकडे पाहावे लागते. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली, भाटकार-मुंडकार नाते तसेच राहिले. भाटकार म्हणजे जमीनदार, मुंडकार म्हणजे त्याच्या जागेत घर बांधून राहणारा. भिंती त्याच्या, पायाखालची जमीन भाटकाराची. भाटाची, म्हणजे त्याच्या बागायतीची, राखण करायची, हाक आली की कामाला जायचे, आणि मर्जी फिरली तर पोराबाळांसह बिऱ्हाड उचलायचे. शेत कसणाऱ्या कुळाची गतही याहून फार वेगळी नव्हती. हिंदूंमधले मोठे भाटकार बहुतांशी सारस्वत, ख्रिस्तींमधले बामण आणि चार्दो या वरच्या जातींचे. मुंडकार दोन्ही धर्मांत होते. नुसत्या जमिनीच्या हिशेबाने गोवा विभागला असता, तर दोन्ही धर्मांचे भाटकार एकीकडे आणि दोन्ही धर्मांचे मुंडकार दुसरीकडे दिसले असते. तसे झाले नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. मुक्तीचे श्रेय आपलेच असे मानणाऱ्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. 'सिंह' निशाणीचा मगो पक्ष मित्रपक्षासह सोळा जागांवर गेला, 'हात' निशाणीच्या, विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्षाला बारा मिळाल्या. बांदोडकर खाणमालक होते, पैसेवाले होते. पण ते आले होते गोमंतक मराठा समाजातून, ज्याला देवळांच्या व्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या सेवेकऱ्याच्या पायरीवर उभे ठेवले होते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादींमधल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या तालुक्यांमधल्या, बहुजनांना हा माणूस आपला वाटला. त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे नकाशावरचा शेजारी प्रांत नव्हताच. कीर्तनाची, पोथीची, शाळेची भाषा तिथली, कूळकायदा तिथला, आणि बहुजन समाजातला माणूस मुख्यमंत्री होऊ शकतो हे यशवंतराव चव्हाणांच्या रूपाने दिसले तेही तिथेच. विलीनीकरण म्हणजे भाटकाराच्या अंगणातून सुटका, असे हे गणित होते.

डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्समध्ये ख्रिस्ती भाटकाराच्या मागे ख्रिस्ती मुंडकार उभा राहिला. घरी ज्याच्यासमोर मान खाली घालायची, मतपेटीपाशी त्याच्याच बाजूने. याला अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मोठ्या राज्यात आपण मूठभर उरू, आपली कोंकणी बोली ठरेल, आपल्या चालीरीतींना कोणी विचारणार नाही, ही भीती खरी होती. त्या भीतीपुढे जमिनीचा प्रश्न मागे पडला.

१९६५ मध्ये मगोने विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव मंजूर करून घेतला. एवढा मोठा निर्णय आमदारांच्या बहुमतावर होऊ नये, लोकांनाच विचारा, हा विरोधकांचा आग्रह होता. पुरुषोत्तम काकोडकरांसारख्या काँग्रेस नेत्यांनी दिल्लीत त्यासाठी खटपट केली. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून बांदोडकरांनी ३ डिसेंबरला राजीनामा दिला होता. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते: महाराष्ट्रात जायचे तर फूल, संघप्रदेश राहायचे तर दोन पाने. वेगळ्या राज्याचा पर्याय नव्हताच.

प्रचारातली एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. विलीनीकरणाविरुद्धची सर्वांत धारदार लढाई मराठीतून लढली गेली. मडगावचे 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत, आणि ते घरोघर वाचले जाई. उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी गात फिरले. म्हणजे मराठी वाचणारा तो महाराष्ट्राचा, हे समीकरण कौलाआधीच तुटत होते. आणि प्रचार नुसता अस्मितेचा नव्हता, पोटाचाही होता. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, मग माडावर चढून सूर (माडी) काढणाऱ्या रेंदेराने खायचे काय? महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर अधिकारी येतच होते. उद्या गोवा एक जिल्हा झाला, तर नुकत्याच शिकू लागलेल्या गोमंतकीय पोरांच्या वाट्याला कोणती खुर्ची येणार? हा शेवटचा प्रश्न बहुजन घरांतही विचारला गेला. गंमत नव्हे, पण सत्य असे की ती पोरे बांदोडकरांनीच खेडोपाडी काढलेल्या मराठी शाळांत शिकत होती.

आता आकड्यांकडे या. झालेल्या मतदानापैकी सुमारे ५४ टक्के मते विलीनीकरणाविरुद्ध पडली. ख्रिस्ती लोकसंख्या शंभरात चाळीसही नव्हती. प्रत्येक ख्रिस्ती मतदार दोन पानांवर गेला असे धरले, तरी हा आकडा गाठता येत नाही. उरलेली मते हिंदू घरांतून आली. सारस्वतांची त्यात होती, पण सारस्वत संख्येने थोडे. तेव्हा बहुजन समाजातल्याही काही हजारांनी दोन पानांवर शिक्का मारला असणार. आणि त्यातल्या अनेकांनी मार्चमध्ये सिंहाला मत दिले असणार, असे माझे अनुमान आहे. त्यांना भाऊ हवे होते, मुंबईचे सचिवालय नको होते. महाराष्ट्रात तेव्हा हा निकाल मराठीचा पराभव म्हणून वाचला गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची धग ताजी होती, बेळगाव सलत होते, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. पण त्या वाचनात मुंडकार कुठे दिसतच नाही, आणि मला खटकते ते हेच.

कौलाने दोन्ही पक्षांच्या हातातला झेंडा काढून घेतला. मगोचे ध्येयच निकालात निघाले. विरोधकांची तर जिंकून पंचाईत झाली, कारण भाटकार आणि मुंडकाराला एका छत्राखाली धरून ठेवणारी भीती विजयाबरोबरच ओसरली. पक्षात फाटाफूट झाली आणि १९७७ ची निवडणूक येईतो युनायटेड गोवन्स हे नाव मागे पडले. त्याच दशकात किनाऱ्यावर रांपणकार, म्हणजे रांपण हे मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढणारे मच्छीमार, उठले. यांत्रिक ट्रॉलर मासळी ओरबाडून नेत होते आणि रांपण ओढणाऱ्यांची चूल विझत होती. मतानी साल्ढाणांसारखे तरुण त्या लढ्यात पुढे आले. १९६७ मध्ये जो प्रश्न ख्रिस्ती समाजात दाबला गेला होता, पैसेवाला आणि कष्टकरी यांच्यातला, तो आता समुद्राच्या वाळूवर उघडपणे मांडला जात होता.

मगोला जमिनीने आणखी काही वर्षे तारले. १९६४ च्या कायद्याने कुळांना संरक्षण दिलेच होते. बांदोडकर १९७३ मध्ये गेले, कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, आणि त्यांच्या कारकिर्दीत १९७५ चा मुंडकार कायदा व १९७६ ची कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती आली. 'कसेल त्याची जमीन' हे वचन कागदावर उतरले. मात्र दुरुस्ती न्यायालयात अडकली, आणि १९७९ मध्ये आमदार फुटून सरकार पडले. १९८० मध्ये तीसपैकी वीस जागा अर्स काँग्रेसने (देवराज अर्स यांच्या गटाने) घेतल्या, मगो सातवर आला. वडिलांनी सिंहाला दिलेले मत मुलगा काँग्रेसला देऊ लागला. पुढे १९९४ मध्ये भाजपने गोव्यात पहिल्या चार जागा जिंकल्या, त्याही मगोशी युती करूनच.

फूल आणि दोन पाने यांचा प्रश्न त्या जानेवारीत कायमचा मिटला. ३० मे १९८७ रोजी मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्यायही, घटक राज्य म्हणून, पदरात पडला. पायाखालच्या जमिनीसाठी मुंडकारांनी केलेले अर्ज मात्र मामलेदारांच्या कचेऱ्यांत आजही तारखा मोजत पडले आहेत.