गाडीतून उतरायचं कुठे?

रणगाडा जागा घेतो, ती धरून ठेवतं पायदळ. घरं तपासणं, पुलावरचा रात्रीचा पहारा, झुडपाआडची रणगाडाविरोधी तोफ हुडकणं ही कामं माणसांचीच, आणि पायी चालणारा माणूस रणगाड्याला गाठू शकत नाही. ब्रिटिशांनी १९२७ साली सॅलिसबरीच्या माळरानावर यांत्रिक दलाचा प्रयोग केला, तेव्हापासून ही अडचण समोर होती. सैनिकांना गाडीत बसवणं सोपं होतं. त्यांना उतरवायचं कुठे, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाची सगळी वर्षं पुरला. मोटार आणि चिलखती पायदळाच्या ब्रिगेडची, म्हणजे काही बटालियन मिळून झालेल्या दलाची, रचना पुन्हा पुन्हा बदलली ती बरीचशी त्याच्यापायी.

ब्रिटिश आणि भारतीय सैन्यात दोन उत्तरं शेजारी शेजारी नांदत होती. आर्मर्ड म्हणजे रणगाड्यांच्या ब्रिगेडमध्ये त्यांच्या तीन रेजिमेंटना जोडून एक 'मोटर बटालियन' असे. तिच्या प्रत्येक सेक्शनला, म्हणजे छोट्या तुकडीला, स्वतःचा छोटा ट्रक, आणि ड्रायव्हरही सेक्शनमधलाच. त्यामुळे ती रणगाड्यांच्या पाठोपाठ जाई. 'लॉरीड' ब्रिगेडचं तसं नव्हतं. तिच्या तीन बटालियन साध्या पायदळाच्या आणि तीन टनी लॉऱ्या सर्व्हिस कोअर या वाहतूक-पुरवठा दलाच्या. शत्रूच्या बऱ्याच अलीकडे सैनिक उतरत, लॉऱ्या मागे फिरत, उरलेली वाट पायी. १९४२ मध्ये ब्रिटिश आर्मर्ड डिव्हिजनची मांडणी एक आर्मर्ड आणि एक लॉरीड ब्रिगेड अशी झाली.

नुसत्या ट्रकवर विसंबण्याची किंमत मोजली ती तिसऱ्या इंडियन मोटर ब्रिगेडने. घोडे सोडून आलेल्या तीन रेजिमेंट तिच्यात होत्या: सेकंड लान्सर्स, ११ वी कॅव्हलरी आणि १८ वी कॅव्हलरी. स्वतःचे रणगाडे नाहीत. एप्रिल १९४१ मध्ये लिबियातल्या मेकिलीला जर्मन सेनानी रोमेलच्या फौजेने वेढा घातला. ८ तारखेला काही तुकड्या तो फोडून निसटल्या, बरेच जण कैद झाले. पुढच्या वर्षी, २७ मेच्या सकाळी, बिर हकीमच्या आग्नेयेला याच ब्रिगेडवर इटलीची आरिएते आर्मर्ड डिव्हिजन चालून आली. आडोसा नसलेलं वाळवंट, हाताशी टू-पाउंडर या छोट्या रणगाडाविरोधी तोफा. रणगाडे थेट ठाण्यातून गेले. धैर्यात कसर नव्हती. रचनाच अशा माऱ्यासाठी बनलेली नव्हती. या ब्रिगेडबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं, याची मला खंत आहे.

जर्मनांनी जुलै १९४२ मध्ये मोटार पायदळाला 'पान्झरग्रेनेडियर' हे नाव दिलं. नावावरून सगळेच चिलखती हाफट्रॅकमध्ये (पुढे चाकं, मागे पट्टे असलेली गाडी) बसत असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात पान्झर म्हणजे रणगाडा डिव्हिजनच्या चार बटालियनपैकी सहसा एकीलाच ते मिळत. दहा माणसं मावणारी, वरून उघडी गाडी. गोळीबारातही मागच्या दारातून किंवा कडेवरून उडी मारता येई. बाकीचे ट्रकमध्येच. अमेरिकेने १९४३ मध्ये बहुतेक आर्मर्ड डिव्हिजनना हाफट्रॅकवाल्या तीन बटालियन दिल्या आणि पक्क्या ब्रिगेडऐवजी त्या गरजेप्रमाणे वाटल्या. सोव्हिएत सैनिक तर रणगाड्याच्या पाठीवरच बसून जात.

ब्रह्मदेशात १९४५ मध्ये मेइकटिलावर धडक मारताना १७ व्या इंडियन डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड मोटारीतून गेल्या, तिसरी विमानाने उतरली. सोबतच्या २५५ टँक ब्रिगेडमध्ये बॉम्बे ग्रेनेडियर्सची चौथी बटालियन होती. तिचं काम रणगाडे सांभाळण्याचं. मेइकटिलाच्या लढाईत जपानी सैनिक खड्ड्यात विमानाचा बॉम्ब घेऊन, हातात दगड धरून बसत. रणगाडा वर आला की दगड बॉम्बवर मारायचा. असा माणूस रणगाड्याच्या फटीतून दिसत नाही. तिथे उतरूनच चालावं लागतं, तेही अगदी रणगाड्याला लागून.

युरोपात तोडगा कॅनडाच्या गाय सायमंड्स यांनी काढला. ऑगस्ट १९४४ मध्ये, नॉर्मंडीतल्या 'टोटलाइझ' मोहिमेआधी, त्यांनी सत्तरहून अधिक 'प्रीस्ट' नावाच्या चिलखती तोफगाड्यांमधली तोफ काढून टाकली, भोक पोलादाने बुजवलं आणि आत पायदळ बसवलं. त्या वर्कशॉपचं सांकेतिक नाव 'कांगारू'. तेच गाड्यांना चिकटलं. आता सैनिक शत्रूच्या ठाण्याजवळ जाऊन उतरू शकत होते.

१६ एप्रिल १९४५ रोजी इटलीत बोलोन्याजवळच्या मेडिचिनामध्ये ४३ व्या गुरखा ब्रिगेडचे सैनिक कांगारूंतून आले आणि १४/२० हुसार्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या रणगाड्यांसोबत गावाच्या गल्ल्यांत लढले. हुसार्सनी त्या सोबतीची आठवण म्हणून पुढे आडव्या कुकऱ्यांचं चिन्ह अंगावर मिरवलं. ब्रिगेडच्या नावात मात्र शेवटपर्यंत 'लॉरीड' हाच शब्द राहिला.