सोळा वर्षांची मुलगी, मानसोपचार आणि पालकांची सही

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं ते अजूनही शेजारपाजारच्यांना कळू न देताच. अशा घरातली अकरावीची मुलगी शाळेच्या समुपदेशक बाईंसमोर बसते आणि आधी एवढंच म्हणते, "मॅडम, घरी नका ना सांगू." तिच्या एकटीच्या होकारावर पुढे जायचं की आईवडिलांना बोलवायचं, हे बाईंनी कशाच्या आधारावर ठरवायचं? याचं सरळ उत्तर कुठल्याच एका कायद्यात नाही.

सगळ्यात जुना धागा १८६० च्या भारतीय दंड संहितेत आहे. बारा वर्षांखालच्या मुलाची संमती तिथे संमती धरली जात नाही. त्याच्या भल्यासाठी पालकाने होकार दिला तर चालतो. बारानंतर मूल साध्या तपासणीला स्वतः हो म्हणू शकतं, हा डॉक्टरमंडळींतला समज इथूनच आला. पण १८७२ चा करार कायदा अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या, व्यक्तीला करार करू देत नाही, आणि १८७५ च्या कायद्याने सज्ञान होण्याचं वय अठरा ठरवलं. बारा आणि अठरा यांच्यामधली ही पोकळी तेव्हापासूनची आहे. २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हाही बाराचा आकडा जागचा हलला नाही.

मानसिक आजाराचे कायदे वेगळ्या वाटेने आले. ब्रिटिश हिंदुस्थानासाठीच्या १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्याला चिंता होती ती ताब्याची आणि मालमत्तेची. नातेवाइकाने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तो अर्जदार सज्ञान हवा आणि त्याने मागच्या चौदा दिवसांत रुग्णाला स्वतः पाहिलेलं हवं. ज्याला दाखल करायचं त्याच्या वयाची वेगळी दखल जवळजवळ नव्हतीच. ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला १९३५ मध्ये सुरू झाली, संस्थानी अमलात. गंमत अशी, की तेव्हा गादीवर असलेल्या जिवाजीराव शिंद्यांच्या हातीही पूर्ण अधिकार आलेले नव्हते. नवव्या वर्षी ते महाराज झाले होते आणि त्यांच्या वतीने कारभार रीजन्सी कौन्सिल पाहत होतं. तो त्यांच्याकडे आला १९३६ मध्ये.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ पासून लागू झाला. मुलांसाठी त्यात दोन-तीन गोष्टी नव्या होत्या. सोळा वर्षांखालच्यांसाठी वेगळ्या रुग्णालयांची तरतूद झाली. पालकाने विनंती केली की मुलाला दाखल करता येई, आणि असं दाखल झालेलं मूल कागदोपत्री 'ऐच्छिक रुग्ण' ठरे. इच्छा कोणाची, हे कलमाने विचारलं नाही. मात्र वॉर्डात असतानाच अठरा पूर्ण झाली तर डॉक्टरांनी त्याला तसं कळवायचं, आणि महिन्याभरात त्याने स्वतः राहायची विनंती केली नाही तर त्याला घरी सोडायचं. मला तरी त्या अख्ख्या कायद्यात मुलाशी थेट बोलणारी जागा ही एवढीच दिसते.

दरम्यान १९९२ मध्ये भारताने बालहक्क करार स्वीकारला, ज्यात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांची देखरेख राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवली. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत गेले, आणि जुना कायदा पुरेसा नाही हे बोलण्याची पाळी सगळ्यांवर आली.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या सगळ्यानंतरचा. त्याच्या ८७ व्या कलमात मुलाला दाखल करणं बरंच अवघड केलेलं आहे. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, त्यात निदान एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलाची इच्छा जाणून घ्यायची. मोठ्यांपासून वेगळी सोय करायची आणि नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे बहुतेक वेळा पालक, किंवा त्याने नेमलेलं माणूस पूर्ण काळ सोबत ठेवायचं. मुलीचा प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीला बाईच हवी. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. विजेचे झटके मुलांना देता येत नाहीत. अगदी गरज पडलीच तर पालकाची संमती आणि मंडळाची आधी परवानगी, दोन्ही हवीत. म्हणजे मुलाची इच्छा कलमात आली, पण सही अजून पालकाचीच.

शिवाय हे सगळं दाखल करण्यापुरतं. आठवड्यातून एकदा नुसतं बोलायला येणाऱ्या मुलीच्या संमतीबद्दल या कायद्यात वेगळं कलम नाही. इंग्लंडने १९६९ मध्येच सोळाव्या वर्षी उपचाराला संमती देण्याचा अधिकार दिला, आणि १९८५ च्या गिलिक खटल्यात पुरेशी समज असलेल्या त्याहून लहान मुलांसाठीही दार उघडलं. आपल्याकडे तो विषय संसदेत निकाली निघाला नाही. त्यामुळे प्रत्येक संस्था आपल्या परीने सावध राहते. फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा असते आणि ती रिकामी राहिली तर बहुतेक ठिकाणी गाडी पुढे सरकत नाही. गावाहून शिकायला येऊन आत्याकडे राहणाऱ्या पोराची तर आणखीच पंचाईत. सांभाळते आत्या, कायद्याने पालक मात्र दूर गुना गावी. पालकच अयोग्य असेल तर मंडळ दुसरा प्रतिनिधी नेमू शकतं, पण तिथवर अर्ज कोण घेऊन जाणार?

आणि गुप्ततेचं वचन बाईंना तरी कुठे देता येतं? मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिची इच्छा काहीही असो. पहिल्याच भेटीत बाईंनी तिला हे सांगून ठेवलेलं बरं. आज त्या मुलीला सहीवाचून बोलता येण्याची एक सोय आहे ती टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची: २०२२ मध्ये सुरू झालेला १४४१६ हा नंबर, फुकट आणि चोवीस तास.